राखेच्या भिंतींचं घर

१

घर विकायचं असेल तर गिऱ्हाइकाला आधी जेवू घालायचं आणि मग झोपवायचं, असं माझ्या बापाचं तत्त्व होतं. किंमत, कागद, मोजणी हे सगळं नंतर.

गिऱ्हाईक बोलवायचं तेही भर उन्हाळ्यात, दुपारच्या तोंडाला. त्याला यवतच्या स्टँडवरून आणायला मी जायचो. मी पुण्याचं कॉलेज अर्ध्यात सोडून घरी बसलो होतो, आणि घरी बसलेल्या पोराला उन्हात पिटाळण्यासारखं सुख आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना दुसरं नव्हतं. माळावरून चालत घरापर्यंत येताना गिऱ्हाईक पार भाजून निघायचं. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडातून शब्द फुटत नाही. मग आबा दार उघडायचे. आत पाऊल पडलं की प्रत्येक माणूस एकच आवाज काढायचा, पोटातून येणारा, "हाऽऽ".

आबांना तेवढंच हवं असायचं. मग त्यांची टकळी सुरू.

"पंखा न्हाई, वाळ्याचा पडदा न्हाई, लायटीचं बिल न्हाई. थंडीत शेकोटी लागत न्हाई. बॉयलरला कसं लपेटत्यात, ऊब भाईर जाऊ ने म्हणून? तसं ह्या घराला लपेटलंय. भिंतीच्या आत भिंत. मधी वीतभर फट, आन् फटीत इंजनाची राख ठासून. मी सोता ठासलीय. असलं घर पुणे जिल्ह्यात दुसरं दावा."

आबा म्हणजे शंकरराव, दौंडच्या लोको शेडमधले बॉयलर फिटर. आयुष्यभर त्यांनी इंजनांच्या पोटातली ऊब राखली. बहात्तरच्या दुष्काळानंतर रॉकेल मिळेना, कोळसा मिळेना, तेव्हा त्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. रिटायर झाले, यवतच्या माळावर जागा घेतली, ट्रक भरभरून राख आणली आणि कुणाचं न ऐकता घर उठवलं. गवंडी म्हणाला, मामा, असं कुणी बांधत न्हाई. आबा म्हणाले, म्हणून तर बांधायचं.

घर आईसाठी होतं, हे कबूल करायला पाहिजे. दौंडच्या क्वार्टरात पत्र्याखाली ती सगळी उमर शिजली होती. घराच्या मधोमध एक बिनखिडकीची खोली, छपराला फक्त हवेचा झरोका. ती सगळ्यात गार. आबांनी ती आईला दिली. स्वतः मात्र ते बाहेर अंगणात बाजेवर झोपायचे. वाफेचा आवाज कानावर नसला तर चार भिंतींत त्यांना झोपच लागत नव्हती.

आणि आता तेच घर विकायचं होतं, कारण अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या मे महिन्यात, डांबर वितळत असताना, माझी आई लोकरीचा स्वेटर घालून चुलीपुढे बसलेली असायची आणि तरी तिचे दात वाजायचे.

मला घराशी देणंघेणं नव्हतं. आई तिथून निघायला हवी होती, बस्स. माझी थोरली बहीण ललिता दौंडला. तिने खोली रिकामी करून ठेवली होती. पण आई म्हणायची, तुझ्या आबांना सोडून मी जाणार न्हाई. आणि आबा म्हणायचे, घर इकल्याबिगर मी हलणार न्हाई. बंद घर कुणी घेत न्हाई. या दोघांच्या मधे मी. रोज.

२

सर्जेराव मास्तर कवठे येमाईहून आले. रिटायर शिक्षक, पेन्शनीचा माणूस, डोक्यावर टोपी, काखेत पितळेचा फिरकीचा तांब्या. स्टँडवरून निघाल्या निघाल्या त्यांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. "असं होय," म्हणाले आणि जरा पुढे पुढे चालायला लागले.

घरात आल्यावर आईने पाणी पुढे केलं. "राहू द्या बाई, मी तांब्यातलं पितो." जेवणही त्यांनी घरून फडक्यात बांधून आणलेलं. दशमी आणि लोणचं. आबा हसत होते. मी हसत नव्हतो. आमच्या घरचं पाणी मास्तरांना चालत नव्हतं, पण आमच्या घरचा गारवा चालत होता.

"आता पडा जरा," आबा म्हणाले. "मधल्या खोलीत. भित्तीला पाठ लावून."

मास्तर पडले आणि झोपले. घोरायला लागले. आत खेचताना घुर्रर्र आणि सोडताना शेवटी बारीक शीळ, पाव्यासारखी. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. भिंतीपलीकडून असं सुखाने घोरणाऱ्या माणसाचा राग येतोच.

चहाच्या वेळेला ते उठले. बाहेर आले ते थेट उन्हात जाऊन उभे राहिले आणि हात चोळायला लागले.

"काय गारवा हो," ते म्हणाले. ओठ जरासे निळसर दिसले मला. "हाडांत शिरला. शंकरराव, माझं ठरलं. विसार आत्ताच घ्या."

मला वाटलं, सुटलो. आईचं गाठोडं बांधायला घ्यावं.

आबांनी मान हलवली. "घाई नको मास्तर. खरं सांगतो, हिरीचं पाणी थंडीतच आटतंय. मंग तुमाला वाटंल म्हाताऱ्यानं फशिवलं."

आमची विहीर दुष्काळातसुद्धा आटली नव्हती. जुनी विहीर, अख्खी वस्ती तिचं पाणी प्यायली होती. मी तोंड उघडलं, तर आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. का बसलो देव जाणे. देव मानत नसलो तरी.

मास्तरांना एस.टी.त बसवून मी परत आलो. ऊन उतरलं होतं. आबा विहिरीवर, आई मागच्या दारी. घर रिकामं होतं. मी चप्पल काढली आणि तसाच थांबलो.

मधल्या खोलीत कुणीतरी घोरत होतं. घुर्रर्र. आणि शेवटी बारीक शीळ.

खोलीत गेलो. चटई गुंडाळलेली, कोपऱ्यात उभी. कुणी नाही. आवाज मात्र होता, खाली, भिंतीच्या बुडाशी, मास्तरांची पाठ टेकली होती तिथे. दुहेरी भिंत आहे, मी स्वतःला समजावलं. पोकळीत आवाज घुमतो. झरोक्यातून वारा येत असेल, हमरस्त्यावरचा ट्रक असेल. असं समजावत मी दिवेलागणीपर्यंत तिथे उभा होतो आणि तेवढ्या वेळात वारा पडलेला होता आणि ट्रक एकही आला नव्हता.

३

त्या संध्याकाळी आईने स्वेटर काढला.

नुसता काढला नाही, धुऊन वाळत घातला. मग भाकरी थापायला बसली आणि थापता थापता दळणावरचं काहीतरी गुणगुणायला लागली. तिचं गाणं मी कॉलेजला गेलो तेव्हापासून ऐकलं नव्हतं.

"घे रं खंडू, गरम हाय तवर खा."

मी ताटलीसाठी हात पुढे केला आणि तिचा हात लागला. उजव्या हाताची तिची करंगळी वाकडी आहे. लहानपणी जात्यात सापडली होती. तो हात इतके महिने विहिरीच्या दोरासारखा ओला-गार लागायचा. आज गरम. ताप आलेला नव्हे. नुसता आईचा हात असतो तसा.

आबा चुलीजवळ बसून तिच्याकडे टक लावून बघत होते. इंजन दुरुस्त करून शेडबाहेर सोडल्यावर माणूस बघतो तसं. मला त्या बघण्याचा भयंकर राग आला. का ते कळलं नाही, म्हणून जास्त आला.

जेवण झाल्यावर अंगणात मी धरलं त्यांना.

"आबा, मास्तर पैसे देत होते. नाही का म्हणालात?"

"मानूस बरा न्हवता."

"मानूस तुमचं पाणी पीत नव्हता, ते तुम्हाला चाललं. पैसे देतो म्हटल्यावर बरा नव्हता? त्याच्या आधीच्या केडगावच्या व्यापाऱ्याला काय सांगितलंत? पाया खचलाय. त्याच्या आधी? साप निघतो. इथं कुठंय साप? तुम्हाला घर विकायचं आहे की नुसती माणसं जमवून झोपवायचीत?"

आबांनी बिडी पेटवली. त्यांची ही जुनी खोड. आयुष्यात एका प्रश्नाचं सरळ उत्तर या माणसाने दिलं असेल तर शपथ. बॉयलरच्या नळ्यांशी बोलून बोलून माणसांशी बोलायची सवयच गेलेली.

"आईचं काय?" मी म्हटलं. "ती तुमच्या ह्या प्रयोगात गारठून मरायला लागलीय. दिसत नाही?"

"आज बरी हाय," आबा म्हणाले.

चार दिवसांनी तिने पुन्हा स्वेटर चढवला.

४

पुढचं गिऱ्हाईक मी स्वतः शोधलं. आबांवर विसंबून काही होणार नाही हे कळून चुकलं होतं. शिरूरचे पाशाभाई, फळांचे व्यापारी, आमच्या ओळखीतले. त्यांच्या आईला, सरदारबींना, उन्हाळा सोसत नव्हता. शिरूरच्या बाजारातल्या घरात म्हातारी रात्ररात्र भिजलेलं फडकं डोक्यावर घेऊन बसायची. पाशाभाई म्हणाले, खंडू, माँला आवडलं तर मी भाव करणार नाही.

ते दोघं चौफुल्याच्या गाडीने आले. सरदारबींनी दारातूनच आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि चोळायला लागल्या.

"क्या गे सोजर, बरफ हो गई तू तो. बुखार है क्या?"

"न्हाई वो. जरा गारठा."

"मई में गारठा?" म्हातारीने आबांकडे बघितलं. आबांनी दुसरीकडे बघितलं.

जेवणं झाली. सरदारबींनी आमच्यातलं पिठलं मागून घेऊन खाल्लं, वर आणखी कांदा मागितला. पाशाभाई भिंतीवर बोटाची पेरं आपटून बघत होते. आबा रंगात आले होते. "आता माँजी, जरा पडा. मधल्या खोलीत. भित्तीला पाठ लावून."

मी म्हातारीला आत नेलं, चटई अंथरली. तिने भिंतीकडे पाठ केली, कुशीवर झाली, डोळे मिटले. मी बाहेर पडणार तेवढ्यात ती उठून बसली.

"बेटा, इधर तो कोई सोया है."

"कुणी नाही माँजी. खोली रिकामी आहे."

"मेरी पीठ को पीठ लगती उसकी." तिने मागे हात नेऊन भिंत चाचपली. आवाज अजिबात घाबरलेला नव्हता. एस.टी.त जागा अडवणाऱ्यावर बायका वैतागतात तसा होता. "एक बी नै. बहोत हैं. सरकते बी नै. मैं किधर सोऊं?"

ती उठली, पदर सावरला आणि ओसरीवर येऊन पाशाभाईंना म्हणाली, चल. पाशाभाई गोंधळले. मी गोंधळलो. मी आबांकडे बघितलं, की आता हे माणसाला परत वळवतील, राखेचं माहात्म्य सांगतील.

आबांचा चेहरा विझला होता. म्हातारी झोपणार नाही म्हटल्यावर त्यांना तिच्यात काही रस उरला नव्हता. पाशाभाई म्हणत होते, मामा, आईचं मी समजावतो, घर मला पसंत आहे, आणि आबा "बघू, बघू" म्हणत त्यांना चपला दाखवत होते.

जाताना सरदारबी आईला म्हणाल्या, "सोजर, तू मेरे साथ चल. आज के आज." आई हसली. म्हणाली, "ह्यांचं जेवणखाण कोण बघंल?"

ह्यांचं जेवणखाण. मला त्या क्षणी दोघांनाही उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दळण घेऊन यवतला गेले तसं मी आईला उठवलं. ललिताचं पोरगं आजारी आहे, तुला बोलावलंय, असं खोटंच सांगितलं. नातवाचं नाव निघाल्यावर ती एका पिशवीत लुगडं घालून निघाली. स्टेशनपर्यंत मी तिला शेजारच्या बैलगाडीतून नेलं. दौंडची पॅसेंजर मिळाली.

केडगावपर्यंत ती बरी होती. खिडकीतून झळा येत होत्या, डब्यातली माणसं उपरणं तोंडावर घेऊन बसली होती. आई बोलत होती, ललिताच्या पोराला गुळशेंगदाणे आवडतात, घ्यायचे राहिले. मग बोलणं कमी झालं. तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला. मी तिचा हात हातात घेतला, तर हात नुसता गार नव्हता. आपण सावलीतल्या दगडाला हात लावतो तेव्हा दगडाला आपलं काही वाटत नाही; तसा होता.

पाटस गेलं. "खंडू," ती म्हणाली, "लई लांब आलो का रं?"

"आलंच दौंड."

"घरापासनं म्हणते मी."

दौंडला मी तिला पाठुंगळीला मारून ललिताच्या खोलीवर नेलं. ललिताने गोधड्या घातल्या, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. पत्र्याखाली आम्ही दोघं घामाने निथळत होतो आणि गोधड्यांच्या आत बाटल्या पटापट गार पडत होत्या. डॉक्टर आले. त्यांनी थर्मामीटर झटकला, लावला, बघितला, पुन्हा झटकला. "बिघडलेला दिसतो," म्हणाले. नाडी शोधायला त्यांना फार वेळ लागला.

आईचे डोळे उघडे होते. "मला घरी ने," ती म्हणाली. "माझं तिथंच हाय सगळं."

"काय आहे तिथं तुझं?" मी ओरडलो. ललिताने माझ्या तोंडावर हात ठेवला. ती रडत होती. "ने तिला खंडू," ती म्हणाली. "माझ्या घरात नको मरू देऊ तिला."

दुपारच्या गाडीने आम्ही परत निघालो. पाटस, कडेठाण. केडगावला आईने पाणी मागितलं. खुटबावला ती स्वतःहून सरळ बसली. यवतला उतरताना म्हणाली, गुळशेंगदाणे राहिलेच बघ.

स्टेशनाबाहेर आबा बैलगाडी घेऊन उभे होते. गाडीत घोंगडी अंथरलेली.

"न्हाई ऱ्हात ती भाईर," ते म्हणाले. "मी नेली होती तिला दोनदा. संक्रांतीला, शिमग्याला. चौफुल्याच्या फुडं जात न्हाई."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगायचं?" आबा बैलांकडे बघत म्हणाले. "तुज्यासारख्या शिकल्याल्या मानसाला काय सांगायचं, तूच सांग."

६

घरी आल्यावर आई चुलीकडे गेली. मी आबांना मधल्या खोलीत ओढलं.

"आता बोला. सगळं."

सगळं असं नव्हतंच काही. आबांना जे माहीत होतं ते बिडी विझेपर्यंत सांगून झालं. आई इथे झोपायला लागली त्या पहिल्या थंडीत घर उबदार लागलं. त्यांना आनंद झाला, हिशेब बरोबर आला म्हणून. दुसऱ्या वर्षी आई कुडकुडायला लागली. मग एकदा त्यांचा जुना दोस्त दुपारी येऊन इथे झोपला आणि आई चार दिवस बरी राहिली. मग त्यांनी घर विकायला काढलं.

"विकायचं नसताना."

"इकलं तर तिला ठिवू कुठं?"

"आणि ते लोक? मास्तर?"

"मानूस चार घटका झोपतो. त्याची जराशी ऊब भित्तीत जाती. मास्तर काय मेला का? चालत गेला एस्टीला."

"तुम्ही का नाही झोपलात? तुमचं घर, तुमची बायको."

"झोपलो!" आबा पहिल्यांदाच ओरडले. "रोज आडवा हुतो. डोळा लागत न्हाई रं माझा आत. वाफ ऐकू येत न्हाई, डोळा लागत न्हाई. काय करू?"

"मग मला का नाही झोपवलं?"

आबांनी चुलीच्या दिशेने मान केली. "तिला इचार."

विचारायची गरज नव्हती. मी कॉलेज सोडून आलो त्या दिवसापासून ती मला सांगत होती, खंडू, भाईर नीज, आत कोंदट हाय. दुपारी जरा मधल्या खोलीत टेकलो की काहीतरी काम काढून उठवायची. मी तिच्यावर चिडायचो.

आबांची हत्याराची पेटी ओसरीवर होती. मी छिन्नी-हातोडा घेतला. आबा आडवे आले. मी त्यांना ढकललं. म्हातारा माणूस, लगेच बाजूला झाला. भिंतीच्या बुडाशी, आईची चटई असते तिथे, मी छिन्नी लावली. एवढंच डोक्यात होतं: आत काय असेल ते मोकळं करायचं. फट पाडायची. राख सांडू दे, घर तापू दे, सगळ्या घरांसारखं घर होऊ दे.

एक वीट सुटली. दुसरी सुटली. राख भुसभुशीत, काळी, जरा खाली ओघळली आणि थांबली. त्या भोकातून ऊब आली. चुलीची नाही. सकाळी कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणात हात घालावा, तशी. आणि आवाज. घुर्रर्र आणि शीळ, आणि त्याच्या मागे दुसरे श्वास, पुष्कळ, संथ, एकमेकांत मिसळलेले.

मी खांद्यापर्यंत हात आत घातला. राखेतून बोटं पुढे सरकवत नेली. दुसरी भिंत वीतभरावर लागायला हवी होती. लागली नाही.

मग माझ्या हातात एक हात आला.

गरम हात. त्याने माझी बोटं धरली, घट्ट, गर्दीत लहान पोराची धरतात तशी. मला त्याच्या पेरांवरचे घट्टे लागले. करंगळी वाकडी होती.

"आई!" मी ओरडलो आणि ओढायला लागलो. भिंतीला पाय लावून ओढत होतो. हात मनगटापर्यंत पुढे आला असेल. आबा मागून माझ्या कंबरेला मिठी मारून किंचाळत होते, "सोड! खंड्या, सोड, तिला बघ!"

मी मान वळवली. आई दारात उभी होती. पिठाचे हात तसेच. ती चौकटीला धरून हळूहळू खाली बसत होती. तोंडावरचा रंग उतरत होता, आणि ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. जेवायला वेळ लावणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

"पुरं कर रं आता," ती म्हणाली.

राखेतल्या हाताने माझी बोटं सोडली. मग तोच हात माझ्या हातावर दोनदा हलका पडला, थापटल्यासारखा. आणि मागे गेला.

विटा आबांनी बसवल्या. मी राख कालवून दिली. 

७

आईने मला पुण्याला घालवून दिलं. "हितं ऱ्हायलास तर एक दिस झोपशील," एवढंच म्हणाली. मी नाना पेठेत एका छापखान्यात लागलो आणि एका पत्र्याच्या खोलीत राहतो. पार्टनर पोपट, साताऱ्याकडचा, उन्हाने हैराण, तोंडाने अखंड चालू.

माझा उजवा हात त्या दिवसापासून गरम आहे. डाव्यापेक्षा स्पष्ट. डिसेंबरात नळाच्या पाण्याने छपाईचे खिळे धुताना डावा बधिर व्हायचा आणि उजव्याला काही होत नव्हतं. सकाळी उठल्यावर मी आधी तो हात गालाला लावून बघतो. गरम असला की कामाला जातो. आबांना पत्र पाठवत नाही. विचारून तरी काय, ते उत्तर देणार आहेत थोडेच. त्यांचं गिऱ्हाईक बोलावणं चालू असेल. पण सर्जेराव मास्तरांनी गावोगाव सांगितलं म्हणे, की त्या घरात झोपलं की माणूस पुन्हा तापत नाही. यवतच्या बाजूचं कुणी आता फिरकत नाही, असं पाशाभाई भेटले तेव्हा म्हणाले. मास्तर कसे आहेत, मी विचारलं. पाशाभाईंनी विषय बदलला.

गेल्या सोमवारी हात कोमट लागला.

मी म्हटलं, थंडी असेल. पण मार्च संपत आला होता. मंगळवारी आणखी उतरला. काल डाव्याची आणि उजव्याची ऊब सारखी होती. आज पहाटे उजवा डाव्याहून गार होता.

पोपटच्या काकांना पुण्याजवळ घर घ्यायचं आहे, असं तो महिनाभर सांगत होता. मी उठलो आणि त्याला हलवलं.

"आमचं घर विकायचं आहे. चल, आज सुट्टीच आहे. काकांना दाखवण्याआधी तू बघून घे."

"आयला, आधी सांगायचं न्हाई! लांब आहे का?"

"यवत. दुपारच्या जेवणाला पोचू. आई पिठलं करेल."

स्वारगेटहून सोलापूर रस्त्याची गाडी मिळाली. खिडकीची जागा मी त्याला दिली. हडपसरपर्यंत तो बडबडत होता, काकांना किती खोल्या लागतात, काकी कशी खाष्ट आहे, असलं घर दाखवलं तर काका आपल्याला कमिशन देतील का. मी हूं हूं करत होतो. उजवा हात शर्टाच्या आत, काखेत दाबून धरला होता.

लोणी गेलं तसा त्याचा आवाज बारीक झाला. उन्हाने डोळे जड झाले. मान कलली आणि माझ्या खांद्यावर आली. आठवडाभर रात्रपाळी केलेला पोरगा, दमलेला. त्याचा श्वास संथ व्हायला लागला.

मी कोपराने त्याच्या बरगडीत जोरात ढोसलं.

"उठ," मी म्हटलं. "आत्ता नको झोपूस."